घाटकोपरच्या जिन्यावर माणूस बदलत नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तळमळीने लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून हे सविस्तर उत्तर. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी पूल, जिने, इंडिकेटर यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिते, पण प्रवाशांच्या बेशिस्तीबद्दल चकार शब्द काढत नाही, ही तुमची तक्रार. तुम्ही काही वर्षं टोकियोत होतात. तिथेही गाड्या खच्चून भरतात, तरी लोक रांगेत उभे राहतात आणि उतरणाऱ्याला आधी वाट देतात. आपल्याकडे मात्र माणसं दारात लटकतात, रूळ ओलांडतात, गाडी थांबायच्या आत उड्या मारतात आणि अपघात झाला की रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात. ‘आधी माणसं सुधारा, मग स्टेशनं,’ असा तुमचा शेवट आहे.

हा शेवट मला मान्य नाही. इतकी वर्षं डोंबिवलीहून ये-जा करताना जे डोळ्यांनी बघते, ते याच्या नेमकं उलटं आहे.

कधी मुंबईला आलात तर सकाळी नऊच्या सुमारास घाटकोपरला उतरा. कल्याणकडून आलेली फास्ट लोकल थांबते न थांबते तोच दारात झोंबाझोंबी सुरू होते. बॅगा पोटाशी, कोपर पुढच्याच्या बरगडीत, उतरणारे बाहेर रेटतायत आणि चढणारे आत. तुमच्या मनातलं चित्र नेमकं हेच. आता त्या उतरलेल्या माणसांच्या मागे मागे चला. ती जिना चढतात, पूल ओलांडून मेट्रोच्या स्टेशनात शिरतात, बॅग तपासून घेतात आणि वरच्या प्लॅटफॉर्मवर, दार जिथे येणार तिथे खुणा केल्या आहेत, त्यांच्याशी एकामागे एक उभी राहतात. मधल्या दहा मिनिटांत कुणी त्यांना नागरिकशास्त्र शिकवलेलं नसतं. तीच माणसं, तोच घामेजलेला शर्ट, ऑफिसला पोचायची तीच घाई.

बदललेलं असतं ते स्टेशन. वर्सोवा–घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिची गाडी चारच डब्यांची आहे. ती दर वेळी त्याच खुणेला थांबते, दारं बंद झाल्याशिवाय हलत नाही आणि एक चुकली तर पाठोपाठ दुसरी असते. खाली लोकलच्या प्लॅटफॉर्मवर यातलं काहीच नाही. एक गाडी बारा डब्यांची, एक पंधरा डब्यांची, मध्येच एसी. आपल्यासमोर दार येईल की दोन दारांमधला पत्रा, हे गाडी उभी राहीपर्यंत कळत नाही. मधल्या स्टेशनात गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात एकाच दारातून, मधल्या खांबाच्या दोन्ही अंगांनी, उतरणाऱ्यांनी उतरायचं आणि चढणाऱ्यांनी चढायचं. ‘आधी उतरू द्या’ म्हणून जो मागे थांबतो तो प्लॅटफॉर्मवरच राहतो. पुढची फास्टही तितकीच भरून येणार हे त्याला ठाऊक असतं आणि त्या दिवशीचा लेट मार्क त्याच्याच पगारातून कापला जाणार असतो. रांग लावणाऱ्याला रांगेचं फळ मिळालं तर माणूस रांग लावतो. डोंबिवलीत रात्री स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग बघा. भर पावसात छत्र्या एकमेकींना लागून उभ्या असतात, कुणी हवालदार नसतो, तरी मध्ये घुसणाऱ्याला लोक आवाज देतात आणि तो निमूट मागे जातो. रिक्षा येत राहतात आणि प्रत्येकाचा नंबर लागतो, एवढंच त्याचं कारण.

आता टोकियो. तुम्ही पाहिलेली शिस्त खरीच आहे, पण ती आधी आली आणि गाड्या मागून, असं झालेलं नाही. १३ मार्च १९७३ ला टोकियोच्या उत्तरेला आगेओ नावाच्या स्थानकात काय झालं ते जरूर वाचा. रेल्वे कामगारांच्या नियमावर बोट ठेवून काम करण्याच्या आंदोलनामुळे गाड्या रखडत होत्या, आल्या त्या तुडुंब भरलेल्या होत्या. शेवटी ऑफिसला निघालेल्या, टाय लावलेल्या नोकरदारांनी गाडीच्या काचा फोडल्या, स्टेशनात तोडफोड केली. पुढच्याच महिन्यात खुद्द टोकियोतल्या कितीतरी स्थानकांवर असाच भडका उडाला. त्या काळात तिथल्या मुख्य मार्गांवर ऐन गर्दीच्या वेळी क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं चढत होती. पुढच्या काही दशकांत त्यांनी मार्गांचं चौपदरीकरण केलं, नवे मार्ग टाकले, गाड्या लांबवल्या, फेऱ्या वाढवल्या आणि हे प्रमाण १६० टक्क्यांच्या आसपास आणलं. तुम्ही राहिलात ते हे नंतरचं टोकियो. आपल्याकडे रेल्वेचे नियोजक ऐन गर्दीचा हिशेब करताना एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं धरतात. जमिनीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखा आणि घरातल्या सगळ्यांना त्यात उभं करून बघा.

या चौकोनातही शिस्त असते, हे मला सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे. आमच्या लेडीज डब्यातलंच सांगते. गाडीने ठाणं सोडलं की दाराजवळच्या बायकांमध्ये हळू आवाजात विचारपूस सुरू होते. ‘घाटकोपर?’ ‘नाही, दादर.’ ‘मग मला पुढे येऊ दे.’ मग दोघी अंग चोरून, पर्स डोक्यावर धरून जागा बदलतात. तिच्या पुढचीला हाच प्रश्न, तिच्याही पुढचीला हाच. विक्रोळी मागे पडेपर्यंत दारापासून आतपर्यंत घाटकोपरवाल्यांची एक सलग ओळ तयार झालेली असते. बाहेरून बघणाऱ्याला ती गर्दीच वाटणार. बसलेल्यांचंही तसंच. ‘कुठे उतरणार?’ असं जिने आधी विचारलं तिची ती सीट, आणि तिने आपली उभी जागा कुणाला द्यायची तेही तिथेच ठरतं. तीन माणसांच्या बाकावर चौथीला टेकायला जागा द्यायची हा नियम कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही, तरी ‘जरा सरका’ म्हटलं की तिघी सरकतात. चौथीचं अर्धं अंग बाहेर असतं, पण गुडघ्यांना तेवढाच विसावा. डब्यात कुणी पोटुशी चढली तर तिला काही बोलावं लागत नाही. आतून कुणीतरी हाक मारतं, ‘तिला इकडे पाठवा गं,’ आणि रस्ता होतो.

भांडणं होत नाहीत का? होतात. केस ओढेपर्यंत जातात. दार अडवून उभे राहणारे ग्रुप आहेत, दिवा-मुंब्र्याच्या लोकांना आत येऊ न देणारे आहेत. त्यांचा मला मनापासून राग आहे. दिवेकरांनी २ जानेवारी २०१५ ला रुळांवर उतरून सगळी मध्य रेल्वे थांबवली, तेव्हा कुठे त्यांच्या गर्दीची दखल घेतली गेली आणि पुढे फास्ट गाड्यांना दिव्यात थांबा मिळाला. ज्याला आधी जागा मिळाली त्याने नंतरच्याला दारातून ढकलावं, याचं समर्थन मी कधी केलेलं नाही आणि करणार नाही. रुळांलगतच्या खांबांना स्पर्श करत स्टंट करणाऱ्या पोरांचंही नाही. पण रोज दारात उभ्या असलेल्यांत अशी पोरं किती आणि आत पाऊल टेकायला जागा नाही म्हणून तिथे अडकलेली किती? ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातली माणसं खाली पडली आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ती कामावर निघालेली माणसं होती.

‘दारंच बंद करा’ हे तुम्ही लिहिलंत, त्या घटनेनंतर रेल्वेनेही हेच सांगितलं. मलाही दारं बंद व्हायला हवीच आहेत. पण साध्या लोकलची बरीचशी हवा दारातूनच येते, त्यामुळे आहे त्याच डब्यांना दारं लावली तर आतली माणसं गुदमरतील. म्हणून रेल्वेने नव्या बिनएसी डब्यांची जी आखणी जाहीर केली, तिच्यात दारांना झडपा आहेत, छतावरून ताजी हवा आत घेणारी यंत्रणा आहे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची सोय आहे. म्हणजे डबा बदलायचा, असंच रेल्वेनेही ठरवलं. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आहे, ती चांगली आहे. पण साधी फेरी काढून तिच्या जागी एसी सोडली की साध्या पासवाल्यांची गर्दी पुढच्या गाडीत जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी याच कारणासाठी आंदोलन केलं आणि मध्य रेल्वेला वाढवलेल्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

रूळ ओलांडण्याबद्दल फार लिहीत नाही. जिथे पूल लांब, अरुंद किंवा फलाटाच्या एकाच टोकाला आहे, तिथे लोक रुळांवर उतरतात. जिथे मधोमध सरकता जिना झाला आणि बाजूने कुंपण आलं, तिथे हे प्रमाण घटलेलं मी पाहिलं आहे.

चेंगराचेंगरीचं मात्र सांगायलाच हवं. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी. सकाळची वेळ, अचानक आलेला पाऊस, पुलावर आडोशाला थांबलेली माणसं आणि खालून लागोपाठ गाड्यांतून येत राहिलेली माणसं. त्या अरुंद जिन्यावर २३ जण गेले. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, परळ भागात कामाला येणारे वाढत गेले, जिना तेवढाच राहिला. त्यानंतर लष्कराला बोलावून एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथे तीन पूल बांधून घेतले. फेब्रुवारी २०१८ अखेर ते खुले झाले. इतकी वर्षं न झालेलं काम पाचेक महिन्यांत झालं. त्याआधी २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी आणि फलाट यांच्या फटीत पडून एका कॉलेजच्या मुलीने दोन्ही हात गमावले. मग न्यायालयात प्रश्न गेला आणि फलाटांची उंची वाढवायचं काम मार्गी लागलं. या दोन्ही ठिकाणी प्रवाशांचा स्वभाव तोच राहिला आणि धोका कमी झाला.

एक प्रसंग सांगते. एका मोठ्या स्टेशनात संध्याकाळची गाडी यायला मिनिटभर उरलं असताना घोषणा झाली की ती या फलाटावर येणार नाही, पलीकडच्या फलाटावर येईल. शेकडो माणसं एकदम जिन्याकडे वळली. माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, हातात भाजीची पिशवी. वरून उतरणारा लोंढा आणि खालून चढणारा लोंढा यांच्या मध्ये त्या कठड्याला चिकटून डोळे मिटून उभ्या राहिल्या. एका मुलाने त्यांच्यासमोर पाठ करून दोन्ही हात कठड्याला लावले आणि गर्दी अंगावर झेलली. त्याची गाडी गेली. त्या दोन मिनिटांत बेशिस्त नेमकी कुणी केली, ते सांगा.

दंडाचं म्हणाल तर तो आहेच. १९८९ च्या रेल्वे कायद्यात रूळ ओलांडण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पायरीवरून प्रवास करण्यासाठीही शिक्षा आहे. पण दोष कुणाच्या माथी मारायचा हे प्रतिक्रियेपुरतं राहत नाही, म्हणून मी एवढी अडून बसले आहे. मुंबईच्या लोकल मार्गांवर आजही दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. गाडीतून पडून मेलेल्याच्या घरच्यांना आठ लाखांची भरपाई मिळू शकते, त्यासाठी त्यांना रेल्वे दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि तिथे समोरून पहिला मुद्दा येतो तो ‘त्याचाच निष्काळजीपणा’ हा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की गाडीत चढता-उतरताना झालेल्या मृत्यूची भरपाई केवळ निष्काळजीपणाच्या कारणाने नाकारता येणार नाही आणि मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही. हे ठाऊक नसलेली किती कुटुंबं ‘चूक आमच्याच माणसाची’ म्हणत घरी बसत असतील. तुमच्यासारखा जाणता माणूस जेव्हा ‘आधी माणसं सुधारा’ लिहितो, तेव्हा त्यांचं ते म्हणणं आणखी पक्कं होतं.

तुमच्याकडून मला एक हवं आहे. टोकियोतल्या ज्या स्टेशनातून तुम्ही रोज जायचात, त्याबद्दल लिहा. फलाट किती रुंद होता, जिने किती होते, गाडी किती वेळ थांबायची, दार खुणेसमोर यावं म्हणून काय केलेलं होतं, फलाट ऐनवेळी बदलायचा का. फोटो असतील तर तेही पाठवा. मी ते इथे तुमच्या नावाने छापीन आणि आमच्याकडच्या प्रवासी संघटनेला देईन. त्यांची पुलाच्या रुंदीबद्दल रेल्वेशी पत्रापत्री चालूच आहे, त्यांना अशा तपशिलाचा उपयोग होईल.