‘वय अधिक शंभर’ हा हिशेब आधी पुसून टाका

गुहागरला राहणाऱ्या माझ्या ८२ वर्षांच्या आत्याने गणपतीनंतर रक्तदाबाची गोळी घेणे बंद केले आणि ते आम्हाला कळले थेट दिवाळीत. खोकल्यासाठी दवाखान्यात नेले तेव्हा वरचा आकडा १७८ भरला. तिला मात्र त्याचे समाधानच वाटले, कारण ८२ मध्ये १०० मिळवले की १८२ होतात आणि ती त्याच्या आतच होती.

हे गणित तिला एका व्हॉट्सॲप संदेशाने शिकवले. उतारवयात वय अधिक शंभर एवढा रक्तदाब नैसर्गिकच असतो. आकडा उतरला की गोळी थांबवावी. गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. सैंधव घातलेले कोकमाचे आगळ रोज घेतले की औषध लागत नाही, असे त्यात लिहिले आहे.

हे सूत्र एके काळी डॉक्टरही सांगत, हे मान्य करावे लागते. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हेही खरे. पण पुष्कळांचा चढतो म्हणून तो निर्धोक ठरत नाही. नेमका हाच प्रश्न घेऊन ‘हायव्हेट’ ही चाचणी झाली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाची ३,८४५ माणसे होती आणि त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १७३ होता, म्हणजे जवळजवळ आत्याएवढाच. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २१ टक्क्यांनी, पक्षाघाताने होणारे मृत्यू ३९ टक्क्यांनी आणि हृदय दुबळे पडण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी भरले. अर्थात त्या चाचणीतही १५०/८० एवढेच लक्ष्य होते. या वयात रक्तदाब फार उतरवला तर उठताना तोल जाऊन माणूस पडू शकतो, म्हणून मात्रा कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनीच करावी.

आकडा उतरतो तो गोळीमुळेच. शाकारलेले घर गळत नाही म्हणून भर पावसात कोणी कौले उतरवत नाही. मूत्रपिंडांचे म्हणाल, तर काही गोळ्यांवर अधूनमधून रक्त तपासावे लागते हे खरे, पण त्यांची खरी नासाडी करतो तो मोकाट सोडलेला रक्तदाब.

आगळाचा सल्ला मात्र कोकणातल्या माणसाने पुढे पाठवावा याचा मला संताप येतो. आगळ वर्षभर टिकते ते मिठामुळे, म्हणून तर सोलकढी करताना आपण वरचे मीठ बेताने घालतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि आपल्या ताटातले सुकट, लोणचे आणि पापड त्याच हिशेबात धरायचे असतात.

आत्या अडाणी नाही. पंचांग ती स्वतः उघडून बघते. पण गोळीच्या पाकिटावरचा मजकूर बारीक इंग्रजीत आणि चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही. गोळी कायम का घ्यायची, हे दहा वर्षांत तिला मराठीत कोणी समजावले नाही, आणि त्यात आम्ही भाचरेही आलो. ती का थांबवायची, हे मात्र त्या संदेशाने मोठ्या अक्षरात, स्वच्छ मराठीत समजावले.

या वेळी डॉक्टरांसमोर बसून तिने सगळे विचारून घेतले. गोळ्यांच्या डब्यावर आता तिच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: ‘रक्तदाब. सकाळी एक. बरे वाटले तरी बंद नाही.’ तिच्याखाली मागच्या सोमवारचा आकडा लिहिला आहे: १४८/८२.