कालवा बघायला फ्रान्सला?

परत आल्यापासून हा प्रश्न मी निदान वीस जणांकडून ऐकलाय. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कीव असते. माणसाने पॅरिसला चार दिवस काढावेत, आयफेलवर चढून फोटो काढावा, तिथून बसने स्वित्झर्लंडच्या बर्फात जावं. ते सोडून हा पाटाच्या कडेने सायकल हाणत बसला आणि बायकोलाही बरोबर ओढलं! तर मंडळी, एकदाच सविस्तर लिहितो. म्हणजे प्रत्येक लग्नात आणि बारशात पुन्हा सांगायला नको.

लेक-जावई तुलूझला असतात. विमानांचं शहर, आपली मराठी पोरंपोरीही तिथे बरीच आहेत. माझी 31 वर्षं गेली पाटबंधारे खात्यात. पहिल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, चला, घराजवळ कालवा आहे, पाय मोकळे करू." गेलो आणि काठावर थांबलो तो थांबलोच. पाणी काठोकाठ भरलेलं, पण हलायला तयार नाही. जन्मभर मी पाणी पळवायचं काम केलं. हेडपासून टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या धरणाकडच्या तोंडापासून शेवटच्या टोकापर्यंत, ते कसं लवकर पोचेल, एवढाच ध्यास. इथे सगळा आटापिटा पाणी धरून ठेवण्यासाठी, कारण त्यावर नाव तरंगली पाहिजे.

या कालव्याचं नाव कनाल द्यु मिदी. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या 'तो' नावाच्या खाडीपर्यंत 240 किलोमीटर. तुलूझला गारोन नदी पश्चिमेकडे अटलांटिकला जाते, म्हणजे हा कालवा झाला की दोन समुद्र जोडले आणि स्पेनला वळसा घालायची गरज संपली. कल्पना जुनीच होती, अडत होतं एकाच ठिकाणी. मधल्या चढावर पाणी आणायचं कुठून? नाव चढवायला लॉक बांधता येतात, म्हणजे दोन्हीकडे दारं असलेल्या टाक्या, ज्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करतात, पण दर वेळी लॉक उघडलं की वरचं पाणी खाली जातं. माथ्यावर बारमाही भर घालणारं काहीतरी हवं.

हे कोडं सोडवलं पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने, आणि तो इंजिनिअर नव्हता! मिठावरचा कर गोळा करायचा त्याच्याकडे ठेका होता. 14व्या लुईने 1666 साली मंजुरी दिली आणि ऐन भरात कामावर बारा हजारांच्या आसपास माणसं होती, त्यात बायकाही पुष्कळ. रिके त्यांना महिन्याच्या हिशोबाने पगार द्यायचा. पाऊस पडून काम बंद राहिलं तरी, आजारी पडलं तरी. सतराव्या शतकात! हे वाचल्यावर मी त्याला मनातल्या मनात 'साहेब' म्हणायला लागलो. काम पुरं व्हायला काही महिने उरले असताना, ऑक्टोबर 1680मध्ये साहेब वारले. 1681च्या मे महिन्यात कालवा खुला झाला.

आता सायकलचं. साठी ओलांडलेल्यांनी घाबरू नये. भाड्याने बॅटरीवाली सायकल मिळते आणि रस्ता जवळपास सपाट असतो, कालवाच तो. तुलूझकडून निघालात तर पहिले पन्नासेक किलोमीटर छान डांबरी वाट आहे. पुढे माती, खडे आणि झाडांची मुळं. तिथे आमची ही एकदा अलगद गवतात उतरली, सायकलसकट. लागलं काही नाही, पण "तुमचा कालवा" हा शब्दप्रयोग तेव्हापासून सुरू झाला. खरा शत्रू मात्र वारा. आग्नेयेकडून ओतां नावाचा वारा सुटला की समोरून कुणी छातीला हात लावून मागे ढकलतंय असं वाटतं. आमचे दोन दिवस त्यातच गेले, कास्तेलनोदारीपर्यंत. पुढचा पल्ला आगगाडीने मारला.

वाटेत दर थोड्या अंतरावर लॉक आणि त्याच्या शेजारी राखणदाराचं बसकं घर. दारावर पाटी असते: या लॉकचं नाव, वरचं लॉक किती मीटरवर, खालचं किती मीटरवर. एवढंच. मला ती पाटी इतकी आवडली की सायकलवरून उतरून मी प्रत्येकीचा फोटो काढत होतो आणि बायको पुढे निघून जात होती. लॉकच्या भिंती सरळ नाहीत, मधे फुगीर आहेत, अंड्यासारख्या. सुरुवातीला सरळ बांधली होती ती मातीच्या दाबाने कोसळली. मग कमान आडवी केली तशी भिंतच बाकदार केली. साडेतीनशे वर्षं उभ्या आहेत.

दुपारी साडेबाराला राखणदार जेवायला जातो. नावा रांगेत उभ्या, कुणाचा आवाज नाही, हॉर्न नाही. आम्हीही एका बाकावर बसून पाव फोडला आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. समोरच्या नावेतल्या म्हाताऱ्या जोडप्याने बोटानेच "काय ते?" विचारलं, चमचाभर दिली. आजोबांनी डोळे पुसले आणि पुन्हा वाटी पुढे केली.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी डबा जवळ ठेवावा. कास्तेलनोदारीचा अभिमानाचा पदार्थ म्हणजे कासुले: पांढऱ्या घेवड्याची उसळ समजा, फक्त आत बदकाची तंगडी आणि डुकराचं सॉसेज. मी खाल्लं. झकास होतं. बायकोने ताटाकडे पाहिलं आणि खिडकीतून कालवा बघत बसली.

कार्कासॉनचा किल्ला? बघा की. दुहेरी तटबंदी देखणी आहे, पण आज दिसतो त्यातला बराच भाग 19व्या शतकात डागडुजी करून उभा केलेला, टोकदार छपरांसकट. आणि गर्दी म्हणजे पौर्णिमेची जत्रा. मला त्यापेक्षा गंमत दुसरीच वाटली. कालवा खणताना या गावाने आपला वाटा भरायला नकार दिला, म्हणून कालवा गावाला टाळून दोन किलोमीटर लांबून नेला. पुढे पस्तावले आणि 1810मध्ये तो गावातून वळवून घेतला. वर्गणी न भरणारे आणि नंतर पाणी मागणारे, ही जात जगभर सारखीच.

बेझिएजवळ फोंसेरानला लॉकचा जिना आहे. आठ टाक्या एकाला एक लागून, नाव एकवीस मीटर चढते-उतरते. प्रेक्षणीय आहे, दुकानंही आहेत, फार लिहीत नाही. कारण तिथून सायकलने तासाभरावर माल्पास आहे, आणि मला विचाराल तर माझ्या पैशांचं चीज झालं ते तिथे.

आडवी टेकडी आली म्हणून रिकेने कालवा बोगद्यातून नेला. 1679चं काम, नावा जाणारा युरोपातला पहिला कालवा-बोगदा. कमानीखाली उभं राहिलं की गार हवा येते आणि नावेच्या इंजिनाचा आवाज घुमतो. पण तुमच्या पायाखाली आणखी दोन बोगदे आहेत. एक 19व्या शतकातल्या रेल्वेचा. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जुना, 13व्या शतकातला, पाणी बाहेर काढायचा! कसलं पाणी? ते बघायला वरच्या आंसेरूनच्या टेकडीवर चढायचं. तिथे रोमनांच्याही आधीच्या वस्तीचे अवशेष आहेत, पण आधी खाली बघा. माँतादीचं तळं दिसतं, म्हणजे तळं होतं तिथे आता शेतं आहेत. गोलाकार, आणि मधल्या बिंदूकडे सगळीकडून सरळ चर येतात, बैलगाडीच्या चाकाचे आरे जणू. चरांतलं पाणी मध्यावर जमतं, तिथून टेकडीखालच्या बोगद्यातून पलीकडे निघून जातं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. मी तिथे तासभर बसलो. बायकोने विचारलं, "रडताय काय?" म्हटलं, वारा आहे.

एक दुःखाची गोष्ट. या कालव्याचं रूप म्हणजे दुतर्फा चिनाराच्या जातीची उंच झाडं, एकूण 42,000 होती. 2006मध्ये त्यांना एक बुरशीचा रोग लागल्याचं आढळलं. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती बुरशी युरोपात आली असं मानतात. औषध नाही. लागण झालेलं झाड तोडायचं आणि जाळायचं. काही पट्ट्यांत नुसते बुंधे आणि कोवळी रोपं, डोक्यावर ऊन. जायचं तर सावली असेपर्यंत जा, असं मी उगाच म्हणत नाही. मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टच्या वाटेला जाऊ नका.

आणि आमची चूक सांगतो. आम्ही टेलकडून सुरुवात केली आणि हेड शेवटी पाहिलं, जन्मभराच्या नोकरीनंतरही! तुम्ही आधी वर जा, काळ्या डोंगराच्या पायथ्याशी सां-फेरेओलला. तिथे रिकेने 1667 ते 1672 या काळात मातीचं धरण बांधलं. आत दगडी भिंती, मधे दाबलेला भराव, साठा सुमारे साठ लाख घनमीटर. आज तिथे वाळूत पोरं किल्ले करतात, लोक पोहतात, तळ्याला चालत वळसा घालतात. आपण बुडतोय ते कालव्याचं पाणी आहे हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. तिथून निघालेली चारी गव्हाच्या आणि सूर्यफुलांच्या शेतांमधून नोरूझच्या खिंडीपर्यंत येते. चारीच्या काठानेही चालत किंवा सायकलने जाता येतं, आणि तिथे तर माणूसच दिसत नाही.

नोरूझ म्हणजे माथा, उंची 189 मीटर. रिकेने इथे मोठा अष्टकोनी तलाव केला होता. तो गाळाने भरला. (हे वाचून मला किती बरं वाटलं, सांगू शकत नाही. गाळ रिकेसाहेबांनाही सुटला नाही.) शेवटी तलाव सोडून दिला आणि त्यात झाडं लावली. आता तिथे सावलीची लांबलचक वाट आहे, वर रिकेच्या वंशजांनी उभा केलेला स्तंभ आणि एका कडेला चारीचं पाणी कालव्यात पडतं ती जागा.

या माथ्यावरच्या टप्प्याच्या एका टोकाला आहे महासागराचं लॉक, दुसऱ्या टोकाला भूमध्य समुद्राचं लॉक. खरोखर अशीच नावं आहेत. शेवटच्या रविवारी नातवाला घेऊन गेलो होतो. सात वर्षांचा आहे. पाणी पडताना बघून म्हणाला, "आजोबा, हे आता कुठल्या समुद्रात जाणार?"

म्हटलं, "ज्याचं दार आधी उघडेल त्याच्या."

"आणि दोघांनीही एकदम उघडलं तर?"

हाच प्रश्न मला डाव्या आणि उजव्या कालव्याचे शेतकरी 31 वर्षं विचारत होते, बहुधा टेबलावर हात आपटून. त्यांना जे सांगायचो तेच त्याला सांगितलं: वर धरणात किती आहे, ते बघून ठरवू.