विल्किन्सन म्हणजे फक्त ती एक किक?

रग्बीचा विषय निघाला की इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनबद्दल एक मेसेज हमखास फिरतो: 'करिअर म्हणजे एक किक. २००३च्या वर्ल्ड कप फायनलला उलट्या पायाने मारली, नशिबाने लागली. टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) वगैरे दुसऱ्यांची कामं. मग दुखापतींनी संपला आणि उतारवयात पैशासाठी फ्रान्सला गेला.'

आधी नशिबाचं बघू. सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळेत १७-१७. त्या दिवशी विल्किन्सनचे तीन ड्रॉप गोल (चेंडू हातातून टप्पा पाडून खांबांमधून मारायची किक, तीन गुण) आधीच हुकलेले. लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू रांगेतल्या खेळाडूंवरून आत फेकताना, इंग्लंडच्या थॉम्पसनने तो मुद्दाम लांब, पार शेवटच्या मूडीकडे फेकला. कॅटने धडक दिली, डॉसनने फट शोधून वीसेक मीटर पळ काढला, पण तो खाली गाडला गेला. आता पास देणार कोण? ते काम तर डॉसनचंच. कर्णधार जॉन्सनने चेंडू घेऊन आणखी एक धडक मारली, ती केवळ डॉसनला उठून जागेवर यायला वेळ मिळावा म्हणून. मग पास, मग उजवा पाय, आणि इंग्लंड जिंकलं. डावखुऱ्या माणसाचा हा पाय वर्षानुवर्षं सरावात घासलेला. घड्याळात अर्धं मिनिटही उरलं नव्हतं. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पण त्याआधीच्या सेमीफायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध इंग्लंडचे सगळेच्या सगळे २४ गुण याचे होते, त्याचं काय करायचं?

टॅकलचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. विल्किन्सन फ्लायहाफ, म्हणजे मागे राहून खेळ चालवणारा; त्याने सहसा फॉरवर्ड्सच्या, म्हणजे पुढच्या धिप्पाड खेळाडूंच्या, आडोशाला राहायचं असतं. हा पठ्ठ्या अंगाने दुप्पट माणसांना खांदा द्यायला पुढे जायचा, आणि शरीराने त्याची किंमतही मोजली.

दुखापती मात्र खऱ्या. मान, खांदा, गुडघा, अगदी मूत्रपिंडसुद्धा. तीन वर्षांहून जास्त काळ इंग्लंडचा शर्ट अंगावर नाही. परतला फेब्रुवारी २००७मध्ये, स्कॉटलंडविरुद्धच्या कलकत्ता कपच्या सामन्यात. (हा कप म्हणजे कलकत्त्यातल्या एका बंद पडलेल्या क्लबचे चांदीचे रुपये वितळवून केलेला, मुठींना नाग आणि झाकणावर हत्ती!) त्या सामन्यात एकट्याचे २७ गुण. खरं सांगायचं तर त्यातल्या ट्रायच्या (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवण्याच्या, पाच गुण) वेळी पाय रेषेबाहेर होता, तरी पंचांनी तो दिला. ते पाच वजा करा, तरी २२ उरतात. त्याच वर्षी इंग्लंड पुन्हा वर्ल्ड कप फायनलला पोचलं. दक्षिण आफ्रिकेकडून १५-६ हरलं, आणि ते सहाही याचेच.

राहिलं 'उतारवय'. तूलों या फ्रेंच क्लबला गेला तेव्हा वय होतं ३०. पैसे मिळाले असतीलच, फुकट कोण खेळतो? पण २०१३ आणि २०१४, लागोपाठ दोनदा युरोपचा हाइनेकेन कप त्याने तूलोंला जिंकून दिला. शेवटचा सामना ३१ मे २०१४ला, फ्रेंच लीगची फायनल, समोर कास्त्र क्लब. तूलों १८-१०ने जिंकलं. त्यात विल्किन्सनचे चार पेनल्टी आणि एक ड्रॉप गोल, प्रत्येकी तीन गुण, म्हणजे १५. सिडनीच्या फायनलमध्येही त्याचा हिशोब अगदी हाच होता.