शिंगवाल्या भुंग्याचा तो मेसेज खोटा आहे, पुढं पाठवू नका

पहिला पाऊस झाला की खानापूर-बेळगावकडच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतो. आंब्यावरच्या लांब शिंगाच्या भुंग्याचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, की हा शिंगानं डंख मारतो, माणूस दगावतो, शिंगानं खोड पोखरतो म्हणून नाव लाँगहॉर्न, दिसला की झाडासकट जाळा. काल मामांनी पण पाठवला, म्हणून लिहितोय.

डंख मारत नाही. ती शिंगं नव्हेतच, मिशा आहेत, वास घ्यायला आणि चाचपायला. दक्षिण अमेरिकेत ओनिकोसेरस अल्बिटार्सिस म्हणून एक जात आहे, तिच्या मिशीच्या टोकाला विंचवासारखी विषारी नांगी असते हे खरं, पण फोटोतला आपला आंब्यावरचा बॅटोसेरा आहे, त्याला तसलं काही नाही. हातात दाबून धरला तर जबड्यानं चावेल आणि मान घासून किरकिरेल, एवढंच.

खोड पण मिशीनं पोखरत नाही. पोखरते ती अळी, पांढरट, बिनपायाची, जबड्यानं, आत महिनोनमहिने. आपण भिरूड लागली म्हणतो ना, ती हीच.

आता नावाचं, हे मला सगळ्यात आवडतं. लाँगहॉर्न हे नुसतं लांब मिशांवरून पडलंय, पोखरण्याशी संबंध नाही. या सगळ्या कुळाचं शास्त्रातलं नाव पडलंय ते सेरॅम्बिक्सवरून, हे नाव लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ साली दिलं, आणि ते ग्रीक कथेतून आलंय. ऑथ्रिस डोंगरावर केरॅम्बोस नावाचा मेंढपाळ होता, गाण्या-वाजवण्यात पटाईत. थंडी कडक पडणार, मेंढरं खाली उतरव, असं पॅन देवानं सांगितलं तरी ऐकलं नाही, वर वनदेवतांना वाटेल ते बोलला, मेंढरं गारठून गेली आणि देवतांनी त्याला लाकूड कुरतडणारा किडा करून टाकलं. त्या किड्याला लोक लाकूड खाणारा बैल म्हणायचे असं त्या कथेतच येतं. म्हणजे लाकूड खाणं कथेत आहेच, पण तिथंही दातानं, शिंगानं नव्हे!

आणि जाळायचं कशाला हो? जगात या कुळाच्या पस्तीस हजारांवर जाती आहेत, कितीतरी मेलेल्या लाकडातच वाढतात. आंब्याच्या बुंध्याशी भुसा दिसला तर भोक शोधा, तार घालून अळी ओढून काढा, रॉकेलचा बोळा आत सारा आणि वरून चिखलानं लिंपा.