गुरगुरलं म्हणून मारू नका

कुत्रं जेवताना गुरगुरलं तर तिथल्या तिथे फटका द्यावा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. गुरगुरणं हा इशारा असतो. तो मारून बंद पाडला की पुढच्या वेळी कुत्रं न सांगताच चावतं.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जतकडे कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळतात, तीही ताटलीवरून गुरगुरतात. आमच्या कुत्रीची ताटली आम्ही काढून घेत नाही. ती खात असताना लांबून जाता जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा ताटलीकडे टाकायचा आणि न थांबता पुढे निघायचं. अंग सैल असेल तर काही दिवसांनी एखादं पाऊल जवळ. खाणं थांबवून ती ताठ झाली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला, की अंतर वाढवायचं. घाई अजिबात नको. लहान पोरांना तर त्या वेळी तिच्या आसपासही फिरकू देऊ नका.

स्वभाव एकाएकी बदलला असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, कदाचित दात किंवा कान दुखत असेल.

आणि कुत्रं चावलंच तर जखमेवर चुना-मिरची कृपा करून लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा.