टेलरसाहेबांचे उपकार

कॅलिफोर्नियात उघड्यावर झोपायचं असेल तर सहा महिने आधी नंबर लावावा लागतो. सकाळी आठला जागा खुल्या होतात आणि उन्हाळ्यातला शनिवार असेल तर चहा गाळेपर्यंत संपतात. त्यामुळे आईचं विमानाचं तिकीट आम्ही नंतर काढलं, तंबूची जागा आधी. आमच्या गटात याला नियोजन म्हणतात. गटाला एक सरपंचही आहे. निवडणूक झालेली नाही, पण ज्याच्या घरी सगळ्यात जास्त बॅटऱ्या तो सरपंच, असा संकेत आहे.

जागा होती सॅम्युअल पी. टेलर स्टेट पार्क. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत लागुनितास नावाचा ओढा आहे, त्याच्या काठी रेडवुडच्या उंचच उंच झाडांच्या सावलीत हे छोटं उद्यान पसरलेलं आहे. योसेमिटीच्या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाला जाऊन आलेले लोक त्याचं नाव घेत नाहीत आणि तिथे जाऊन आलेले योसेमिटीच्या गर्दीचं नाव घेत नाहीत.

या सगळ्या प्रकाराला जबाबदार कोण, याचा मी शोध घेतला आहे. सोन्याच्या शोधात जे हजारो लोक कॅलिफोर्नियात धावले त्यात हे टेलरसाहेब होते. बाकीच्यांनी मिळालेलं सोनं उडवलं, यांनी ओढ्याकाठी जमीन घेतली आणि 1856 साली चिंध्यांपासून कागद बनवायचा कारखाना काढला. इथपर्यंत माणूस सज्जन होता. पुढे 1870च्या दशकात कारखान्याजवळून आगगाडी जायला लागली तेव्हा त्यांनी रुळांशेजारी हॉटेल बांधलं, नाचायला मंडप घातला आणि शहरातल्या लोकांना तंबूत राहायला बोलावलं. मौज म्हणून तंबूत राहण्याची सोय अमेरिकेत ज्या अगदी पहिल्या ठिकाणी झाली, त्यातलं हे एक. तोवर तंबूत सैनिक राहत, सोनं शोधणारे राहत, म्हणजे ज्यांचा नाइलाज होता ते राहत. नाइलाजाला तिकीट लावता येतं हे टेलरसाहेबांनी ओळखलं. चिंध्यांतून कागद काढणाऱ्याला ते अवघड गेलं नसणार.

सामान गाडीतून तंबूपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे होतं. साधेपणाने राहायला जे लागतं ते सगळं आणलेलं होतं: कुकर, जाडे पोहे, कढीपत्ता, तर्रीचा डबा, आलं किसायची किसणी, आणि एक लाटणं. पोळ्या घरून करून आणल्या होत्या, मग लाटणं कशाला, असं मी विचारलं. बायको म्हणाली, "असू दे." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'असू दे'च्या पुढे विचारायचं नसतं. उद्यानाच्या डोक्यावर 1,466 फुटांचा बार्नाबी नावाचा डोंगर आहे. फ्रेमाँट या मोहीमवाल्याबरोबर आलेलं एक पांढरं खेचर पुढे टेलर कुटुंबाकडे राहिलं, त्याचं हे नाव, असं सांगतात. सामान वाहिलं म्हणून त्याला डोंगर मिळाला. मला सरपंच म्हणाला, "अरे, बर्फाची पेटी राहिली."

तंबूवर 'सहा माणसांसाठी' असं छापलेलं होतं. यात सहा माणसं मावतात हे खरं आहे, पण ती एकमेकांची नातेवाईक असून चालत नाहीत. आमच्यात आई, बायको, मुलगी आणि मी, शिवाय हवेची गादी, जी कुशीवर वळलेल्या माणसाचं वजन ताबडतोब दुसऱ्याच्या अंगाखाली पाठवते. तंबूचे दांडे जोडताना सरपंचाने फोनवर व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने अख्खा तंबू चार मिनिटांत उभा केला. तो एकटा होता, हे त्याच्या यशाचं खरं कारण. आमच्याकडे सल्ला द्यायला दोन तंबूंची माणसं होती.

आई तोवर ओट्याच्या कामाला लागली होती, म्हणजे लाकडी बाकावर कागद पसरून कांदा चिरणं. मग तिने चुलीसाठी काटक्या गोळा करायला सुरुवात केली. मी धावलो.

"आई, इथली लाकडं उचलायची नाहीत."

"अरे, पडलेलीच घेतेय."

"पडलेलीसुद्धा नाहीत. ती कुजून झाडांना खत होतात."

"मग घरून का नाही आणलीस?"

घरूनही आणायची नसतात. लाकडाबरोबर कीड आणि झाडांचे रोग फिरतात. याच मरीन काउंटीत 1990च्या दशकात ओकची झाडं पटापट मरायला लागली, तेव्हापासून तर जिथे जाळायचं तिथलंच सरपण घ्या असं सगळीकडे बजावतात. म्हणजे इथली मोळी इथेच पैसे मोजून घ्यायची. आईने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "कळलं. वैकुंठ स्मशानात असतं तसं."

त्यानंतर पेटलेल्या जाळाकडे बघून कोणी फारसं गाणं वगैरे म्हटलं नाही.

संध्याकाळी ओढ्याकाठी फिरताना वाटेकडेला तुकतुकीत तीन-तीन पानांचं एक झुडूप दिसलं. तीन पानं एकत्र दिसली की आईचा हात महादेवासाठी आपोआप पुढे होतो. बायकोने तो हवेतच धरला. पॉयझन ओक! पानाच्या तेलाने अंगावर असं पुरळ उठतं की आठवडेच्या आठवडे खाजवत बसावं. "देवाला वाहायचं पानसुद्धा विषारी," आई म्हणाली आणि त्या जंगलाकडे तिने जरा आदराने पाहिलं. मुलीला तेवढ्यात पिवळीधमक, वीतभर गोगलगाय सापडली. बनाना स्लग. बिनशंखाची. ट्रिपमधली निर्विवादपणे खूश असलेली व्यक्ती म्हणजे मुलगी. गोगलगायीबद्दल मला खात्री नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असा नियम आहे. आमच्या पत्त्यांच्या डावात पावणेदहाला भांडण झाल्यामुळे तो पाळणं सोपं गेलं. खाण्याचं सगळं सामान प्रत्येक तंबूपाशी असलेल्या पेटाऱ्यात ठेवून कडी लावायची, कारण रॅकून, म्हणजे रात्री खाणं पळवणारा इथला प्राणी. सरपंचाने हे सर्वांना दोनदा सांगितलं आणि भाकरवडीची पिशवी स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली, "रात्री भूक लागली तर" म्हणून.

रेडवुडखाली ऐन जूनमध्ये अशी थंडी पडते की माणूस आणलेले सगळे कपडे एकावर एक घालून झोपतो आणि मग मध्यरात्री त्याला बाहेर जावं लागतं. स्वच्छतागृह दिवसा जवळ असतं. रात्री तेच पुढच्या तालुक्यात जातं. आईला सोबत म्हणून मी निघालो. वाटेत ती मला तिच्या माहेरच्या वाड्यातला परसातला संडास, त्यावरचं चिंचेचं झाड आणि त्या झाडावरची बाई असं सगळं सविस्तर सांगत होती. "ते सगळं नको म्हणून तर तुझ्या बाबांनी फ्लॅट घेतला," ती म्हणाली. यावर काय बोलणार?

परत आलो तर सरपंचाच्या खुर्चीपाशी दोन हिरवट डोळे. डोळ्यांना काळी पट्टी बांधूनच जन्माला आलेला तो प्राणी मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन हातांनी भाकरवडी फिरवून फिरवून खात होता. घाईही नव्हती, लाजही नव्हती.

"हाड्!" आई ओरडली.

पुण्यात या आवाजाने गल्ली रिकामी होते. इथे आजूबाजूच्या पाच तंबूंत दिवे लागले. रॅकूनने फक्त मान वर केली, आईकडे पाहिलं, आणखी एक भाकरवडी उचलली. सरपंच तंबूतून चेन उघडत म्हणाला, "शांतता पाळा, नियम आहे."

सकाळी मात्र पोहे झाले, त्यावर लिंबू पिळलं गेलं, आणि धुकं झाडांतून खाली उतरताना आल्याच्या चहाचा वास सुटला. शेजारच्या तंबूतलं अमेरिकन जोडपं कोरडं तृणधान्य खात आमच्याकडे बघत होतं. आईने त्यांना दोन बशा नेऊन दिल्या. कालच्या ओरडण्याची भरपाई झाली असं तिने जाहीर केलं.

तंबूच्या घड्या सुरू असताना सरपंच म्हणाला, "काकू, खरी मजा इथे थंडीत असते. पाऊस पडला की ओढ्यात कोहो सामन मासे येतात." मग त्याने सगळं समजावून सांगितलं. इथल्याच वाळू-गोट्यांत अंडी फुटतात, पिल्लं वर्षभर ओढ्यात वाढतात, समुद्रात जातात, तिकडे मोठी होतात आणि तिसऱ्या वर्षी आपला हाच ओढा शोधत परत येतात.

आईने तोंडातला पोह्यांचा घास संपवला. "शिकून-सवरून जातात तिकडे?"

"तसंच समजा."

"आणि परत येतात."

"येतात."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"येऊन अंडी घालतात आणि मरतात, आई," मी म्हटलं.

"पण येतात ना?"

सरपंचाने गडबडीने फोन काढला. आठ वाजून गेले होते. "काकू, डिसेंबरअखेरीच्या जागा आहेत अजून. करू का बुक?"

"मी तोवर पुण्यात असेन," आई म्हणाली. "तुम्हीच या सगळे. तंबू नका आणू. खोली रिकामी आहे, आणि संडास आतच आहे."