सिंहाभोवतीचा गराडा
केनियातील मसाई मारा अभयारण्यात एका सिंहाजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात आणि त्यांनी २५ मीटर अंतर राखावे, असा नियम आहे. तरीही दर खेपेला वायरलेसवर खबर फुटताच पंधरा-वीस गाड्या धुरळा उडवत येतात आणि त्या जनावराला चहूबाजूंनी घेरतात. परवा एक सिंहीण पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून वॉर्टहॉगवर (आफ्रिकी रानडुकरावर) दबा धरून होती, आणि नेमकी तेव्हाच एक गाडी घरघरत दोघांच्या मध्ये घुसली. शिकार उधळली. मागच्या झुडपात तिचे तीन बछडे उपाशी होते, याचे त्या चालकाला आणि ‘अजून जवळ घ्या’ म्हणून त्याच्यामागे लकडा लावणाऱ्या पर्यटकांना काहीच कसे वाटत नाही? हातात दूरचे जवळ आणणारी ४०० मिलिमीटरची लेन्स असताना इतक्या जवळ जायचेच कशाला?